रामदरबारचा आणा आणि डब्यातला ढब्बू

नागपूरच्या इतवारीतल्या आमच्या जुन्या नाण्यांच्या काउंटरवर महालातले एक काका आले. लाल मखमलीतून तांब्याचं नाणं काढलं. एका बाजूला रामदरबार, दुसऱ्या बाजूला 'यूकेएल वन आना', 1818.

"भाऊ, फोनवाला वीस लाख म्हणते जी. पहिले तपासणीचे पंधरा हजार भरा म्हणते."

1818 हा आकडा नागपुरात चटकन पटतो. सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर 1817 ची, पुढच्याच वर्षी आप्पासाहेब भोसल्यांची गादी गेली. पण ईस्ट इंडिया कंपनीने रामदरबाराचं नाणं कधी पाडलंच नाही. एक आण्याचं चलनी नाणं आलं ते 1907 साली, तेही तांबं-निकेलचं, नागमोडी कडेचं. काकांना हिशेब कागदावर मांडून दाखवला: कंपनीचा पाव आणा 100 ग्रेनचा, म्हणजे 6.48 ग्रॅम. त्याच मापाने तांब्याचा आणा 26 ग्रॅमच्या घरात हवा. काट्यावर आले 11.3.

मग दहापट भिंग. ठशाखाली पाडलेल्या नाण्याची अक्षरं कडक उठतात, भोवतीचा पत्रा सपाट असतो. इथे अक्षरं वापरलेल्या साबणावरच्यासारखी बोथट, सीतेच्या चेहऱ्यावर बारीक खड्डे, कडेवर साच्याचा जोड कानशीने घासलेला. ओतीव माल, तोही अलीकडचा. असं नाणं 'तांदूळ ओढतं' म्हणून ठग दाखवतात, त्यात तांदळाला लोहाची भुकटी लावलेली असते आणि चुंबक लपवलेला. तांबं काही तांदूळ ओढत नाही.

काका गप्प झाले. मग पिशवीतून बिस्किटाचा डबा काढला, "हे आजीचे, असेच पडून होते."

त्यात एक ढब्बू निघाला! कंपनीचा अर्धा आणा, 1835: एकीकडे ढाल धरलेले दोन सिंह, दुसरीकडे पानांच्या माळेत किंमत. नियमाने 200 ग्रेन, 12.96 ग्रॅम, हा 12.7 भरला, एवढी झीज चालते. सिंहांची आयाळसुद्धा दिसत होती. घात एकच: दिवाळीला कुणीतरी चिंच-मीठ लावून लख्ख केला होता. तांब्यावरचा चॉकलेटी थर बसायला वर्षानुवर्षं लागतात, निघायला दोन मिनिटं. तो गेला की जाणकार गिऱ्हाईक निम्म्याने मागतं, आणि खरं सांगायचं तर मीही तसंच मागतो. तेल लावून किंवा रंगवून तो परत आणता येत नाही, भिंगाखाली लगेच कळतं.

सांगितलं, घासलेला म्हणून पाचशेच्या आत-बाहेर. डब्यातले 1835 चे पाव आणे गुळगुळीत होते, ते शंभर-दोनशेचे. ही नाणी लाखांनी पाडलेली, जुनी म्हणजे दुर्मीळ असं नव्हे.

काका विकायला तयार नव्हते. ढब्बू कागदी पाकिटात घालून दिला. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवला तर काही वर्षांत तांब्यावर हिरवा चिकट लेप धरतो.

"अन् हा रामदरबार?"

"देवघरात ठेवा. पंधरा हजार मात्र भरू नका."