पॉलिमरच थोडं जास्त टाका की!

"नॅनोकण कशाला? पॉलिमरच थोडं जास्त टाका की!" जमिनीतलं तेल पुढे ढकलायला पाणी पॉलिमरने दाट करून सोडतात; त्यात नॅनोकण मिसळण्यावरच्या कुठल्याही सादरीकरणानंतर हे कुणीतरी म्हणतंच. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगतो.

पुष्कळ ठिकाणी तेवढंच पुरतं, हे आधीच कबूल. राजस्थानात बाडमेरच्या मंगला तेलक्षेत्रात साठ्याचं तापमान साधारण 65 अंश; तिथे नेहमीचं पॉलिमर, एचपीएएम (पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचा एक प्रकार), टिकतं. मुंबई हायचा साठा चुनखडीचा आणि तापमान शंभराच्या वर. इतक्या उष्णतेत एचपीएएमचे अमाइड गट तुटून कार्बोक्सिलेट होतात, त्यांना पाण्यातलं कॅल्शियम धरतं आणि पॉलिमर तळाशी बसतं. दुप्पट टाकलंत तर दुप्पट बसेल.

सिलिकाचे 10-20 नॅनोमीटरचे कण पॉलिमरच्या साखळ्यांना जागोजागी खुंटीसारखे धरतात, म्हणून मिठाने साखळी आक्रसली तरी जाळं उभं राहतं, असा हिशेब. नुसती सिलिका खाऱ्या पाण्यात आपसातच गोळा होते, म्हणून तिच्यावर सायलेन, म्हणजे सिलिकाला चिकटणाऱ्या सिलिकॉन संयुगाचं आवरण, चढवायचं. इथपर्यंत सगळे माना डोलावतात.

घोळ पुढे आहे. समजा, अमिनोसायलेन (अमाइन गट असलेलं सायलेन) चढवलेली सिलिका 1,500 पीपीएम (दहा लाखांत 1,500 भाग) पॉलिमरात टाकली. दाटपणा मोजणाऱ्या व्हिस्कोमीटरवर, 7.34 प्रतिसेकंद शिअर रेटला (द्रावण घासलं जाण्याच्या वेगाला), आकडा चढलेला दिसतो, आलेख छान येतो. पण बीकर उजेडात धरा: द्रावण किंचित दुधाळ, आत तरंगते धागे. तेच द्रावण 2 बार दाबाखाली गाळणीतून सोडा. 200 ते 300 मिलीला लागलेला वेळ भागिले 100 ते 200 मिलीला लागलेला वेळ, उत्तर 1.2 च्या आत हवं. इथे गाळणी तीनशेपर्यंत पोचतच नाही, आधीच बुजते. वाळूच्या खडकाच्या गाभ्यात, म्हणजे चाचणीसाठी कापलेल्या दंडगोल तुकड्यात, हेच घातलंत तर दाब चढतच राहतो आणि नंतर साधं पाणी सोडलं तरी उतरत नाही.

कारण सरळ आहे. सात पीएचला अमाइन धनभारित, एचपीएएम ऋणभारित. एक साखळी दोन कणांना धरते, त्यातला एक कण दुसऱ्या साखळीला, आणि गुठळी तयार. व्हिस्कोमीटरने मोजली ती गुठळी! "व्हिस्कॉसिटी वाढली, झालं काम" असं मीही वर्षानुवर्षं सांगत होतो; आता ते वाक्य ऐकवत नाही.

मग करायचं काय? अमाइनचं आवरण विरळ ठेवा. धुतल्यावर कण पूर्ण वाळवू नका. एकदा दगड झाले की ध्वनिलहरींनी कण सुटे करणारा सोनिकेटरही हरतो. पॉलिमरचं 5,000 पीपीएमचं मूळ द्रावण मृदू पाण्यात करा. भोवऱ्याच्या काठावर, पिठल्याला पीठ वैरतात तशी भुकटी वैरा आणि रात्रभर हळू फिरू द्या. मग पातळ केलेले कण त्यात थेंब थेंब सोडा. पॉलिमर मुबलक असलं की प्रत्येक कण आधी पुरता गुंडाळला जातो. उलट केलंत, कणांत पॉलिमर ओतलंत, तर साखळ्या अपुऱ्या पडतात आणि पुन्हा तेच. ब्राइन, म्हणजे खारं पाणी, सगळ्यात शेवटी. टिकाऊपणाची चाचणी ऑक्सिजन काढून, सीलबंद नळीत, साठ्याच्या तापमानाला. आठवड्याभराचा निकाल दाखवू नका, महिने लागतात.

एवढं करून गाळणीतून पार झालं तरी एक प्रश्न उरतो, जो तुम्ही विचारला नाहीत. जितके पैसे सुधारित सिलिकावर जातात, तितक्यात एटीबीएस नावाचा घटक घातलेलं, उष्णता सोसणारं पॉलिमर किती येईल? तो विचारलात तर मी जरा अडखळेन.