सात नंबरची चादर

सोलापुरात पोचून एक दिवस झाला नाही तोच गल्लीतला एक पोरगा दारात हजर. अमेरिकेत नोकरीला आहे, बहिणीच्या लग्नासाठी आलाय आणि त्याचा कॅनडाचा पीआर, म्हणजे तिथं कायमचं राहायचा परवाना, मंजूर झालाय. "दादा, तुम्ही नायगराच्या पुलावरून लँडिंग केलं म्हणे. सामानाच्या यादीचा फॉरमॅट हाय का तुमच्याकडं?"

फॉरमॅट म्हटल्यावर खुर्चीत पेपर वाचत बसलेल्या अप्पांनी मान वर केली. म्हटलं, आता सुटका नाही.

गोष्ट २०१९ च्या ऑक्टोबरची. मी आणि बायको न्यू जर्सीत, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर. ग्रीन कार्डच्या रांगेत आमच्या आधी अख्खा भारत उभा, म्हणून एक्सप्रेस एंट्री या गुणांवर चालणाऱ्या योजनेतून कॅनडाला अर्ज टाकला होता. तो मंजूर झाला, पासपोर्टवर व्हिसा चिकटवून आला, सोबत सीओपीआर नावाचा पीआर-मंजुरीचा कागद. नातेवाइकांना वाटलं, झाले हे कॅनडाचे. तसं नसतं. तो कागद घेऊन त्यावरच्या तारखेच्या आत कॅनडाच्या दारात उभं राहायचं, अधिकाऱ्यासमोर सही करायची, मग तुम्ही पर्मनंट रेसिडेंट. यालाच लँडिंग म्हणतात. तारीख बहुतेक वेळा मेडिकलवर ठरते, तपासणीपासून वर्षभर. दार विमानतळाचं असो की रस्त्यावरचं. आम्ही रस्त्यावरचं निवडलं, कारण आई-अप्पा तेव्हा आमच्याकडे आले होते आणि त्यांना नायगराही दाखवायचा होता. एका दगडात दोन पक्षी मारायला गेलं की दगड आपल्याच बोटावर बसतो, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

खरी लढाई त्याआधी महिनाभर चालली होती, यादीची. कायमचं राहायला येणाऱ्याला आपलं घरसामान ड्युटी न भरता नेता येतं, पण पहिल्या दिवशीच सगळं लिहून द्यावं लागतं: सोबत काय आहे, मागून काय येणार आहे, वस्तूचं वर्णन आणि किंमत कॅनडियन डॉलरमध्ये. जे यादीत नाही, त्यावर पुढे कर लागू शकतो. दागिन्यांचं तर नीट वर्णन हवं, फोटो आणि मूल्यांकन असलेलं बरं. आईची मोहनमाळ आणि बायकोच्या पाटल्या यांचं वजन-किमतीचं पत्र अप्पांनी मंगळवार पेठेतल्या सराफाकडून इंग्रजीत टाइप करून आणलं होतं. तिथपर्यंत ठीक.

मग अप्पांनी यादी स्वतःकडे घेतली. अप्पांची उभी हयात सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या यंत्रमाग कारखान्यांत हिशेब ठेवण्यात गेली. घरात मराठी, कारखान्यात तेलुगू. आजही चादरींची चळत मोजताना ते ओकटी, रेंडू, मूडू असंच मोजतात, बाकी काही मोजायचं असलं तर एक, दोन, तीन. मी लॅपटॉपवर, ते समोर. "लिही. प्रेशर कुकर, दोन. लिही. तांब्याचा हंडा, आजीचा. लिही, उखळ."

"अप्पा, उखळ कॅनडात कशाला?"

"शेंगाचटणी मिक्सरमधली खाणार हैस काय? लिही."

तेवीस नंबर झाले. सात नंबरला चादर, 'सोलापुरी चादर, जॅकार्ड, सुती, एक नग'. घरात साडेचारशेला आलेली, म्हणून मी साडेआठ डॉलर टाकले. अप्पा गप्प झाले. चष्मा काढला. "साडेआठ? कप-बशीला तू बारा लावलास." मी म्हटलं, अप्पा, खरी किंमत लिहायची असते. "मग तेच म्हणतोय मी." शेवटी ती चादर साडेआठलाच राहिली, पण वर्णनाच्या रकान्यात त्यांनी 'जीआय मानांकन', म्हणजे वस्तू त्याच गावची असल्याची सरकारी ओळख, घालायला लावलं. सोलापुरी चादरीला ते मिळालेलं आहेच, महाराष्ट्रातल्या पहिल्या काही वस्तूंपैकी, त्यामुळे मला नाही म्हणता येईना.

न्यूयॉर्कचे चार दिवस आईचे पाय सुजण्यात गेले. तिथून नायगरापर्यंत सात तास गाडी, भाड्याची, करडी. पानगळीचे रंग सगळे म्हणतात तितके सुंदर होते. आईनं त्यातला निम्मा वेळ झोपून काढला.

मोटेल भिकार होतं. हीटर सुरू केला की ट्रॅक्टर चालू झाल्यासारखा आवाज. रात्री दहाला मी नियम परत वाचत होतो आणि अप्पांना मोठ्यानं सांगत होतो, ही माझी चूक. यादीतल्या वस्तू कॅनडात जाण्याआधी आपल्या मालकीच्या, आपल्या ताब्यात आणि आपण *वापरलेल्या* असाव्या लागतात. नव्या, न वापरलेल्या वस्तूवर सूट नाही.

अप्पा उठले. बॅगेच्या तळातून प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेली चादर काढली. सात नंबर. सोलापुरातून मुद्दाम माझ्यासाठी आणलेली, टाचणीसुद्धा न काढलेली.

"ही तू वापरलेली न्हाई."

"अप्पा, साडेआठ डॉलरची चादर आहे. कोण विचारतंय?"

"विचारलं तर?"

टाचण्या काढल्या, लेबल काढून पाकिटात ठेवलं, चादर झटकली. त्या खोलीत एकदम आमच्या कारखान्याच्या गोदामाचा वास आला, कोऱ्या सुताचा. लहानपणी अप्पांना डबा द्यायला जायचो तेव्हा हाच वास आणि पन्नासेक मागांची खडखड. बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. अप्पांनी सवयीनं कोपरा उलटा करून मागची बाजू पाहिली, नखानं दोन धागे सरकवून बघितले. "बरी हाय," म्हणाले. त्यांच्याकडून याहून मोठं सर्टिफिकेट मी आजवर ऐकलेलं नाही. मग माझ्या अंगावरचं मोटेलचं ब्लँकेट ओढून काढलं आणि ती चादर घातली. "आज रात्री ही. उद्या खोटं बोलायला नको."

बायको तोंडावर उशी दाबून हसत होती. मी छत्तीस वर्षांचा, आयटीत लीड, आणि माझा बाप मला कस्टम्ससाठी चादर पांघरून देतोय. कोरी चादर, पहिल्या धुण्याआधीची, कडक. रात्रभर टोचली. सकाळी काळ्या टी-शर्टला पांढरे-लाल तंतू चिकटलेले. अप्पा बघून म्हणाले, "झाली वापरून."

आई-अप्पांकडे फक्त अमेरिकेचा व्हिसा, कॅनडाचा नाही. म्हणजे पलीकडे आम्ही दोघंच जाणार. त्यांना धबधब्याच्या बाजूच्या बागेत, पूल दिसतो अशा जागी सोडलं. सोबत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि तीच चादर, कारण थंडी होती. आपण एका देशात शिरतोय आणि आई-बाप या काठावर बाकड्यावर बसलेत, याचं वाईट वाटायला मला तेव्हा फुरसत नव्हती. फाईल कुठल्या हातात धरायची, हेच मी ठरवत होतो.

रेनबो ब्रिज १९४१ चा. मालाचे ट्रक त्यावर चालत नाहीत, त्यामुळे रांग तशी सरळ. अमेरिकेतून बाहेर पडताना पासपोर्टला शिक्का नाही, काही नाही. मधोमध झेंडे आणि सीमारेषा. डावीकडे धबधबा, पण मी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. बूथवरच्या बाईनं विचारलं, कशासाठी? "लँडिंग." तिनं एक चिठ्ठी दिली आणि आत जायला सांगितलं.

आत दोन तास बसलो. बहुतेक लोक 'फ्लॅगपोल'वाले, म्हणजे आधीच कॅनडात राहणारे, नुसते पुलावरून अमेरिकेच्या दाराला शिवून परत आलेले, जेणेकरून परमिट हातोहात मिळावं. वर्क आणि स्टडी परमिटसाठी तो उद्योग २३ डिसेंबर २०२४ पासून बंद झालाय, त्या पोराला हे सांगितलं. त्याला लागू नाही, तरी सांगितलं.

काउंटरवरचं काम वीस मिनिटांचं. कधी गुन्हा केलाय? कुठल्या देशानं हाकललंय? अर्जात न लिहिलेलं मूल आहे? दहा हजार डॉलर किंवा त्याहून जास्त रोख आहे? पैसे आहेत हे दाखवणारी बँकेची पत्रं. मग सही, दोघांच्या दोन. पीआर कार्ड कॅनडातल्याच पत्त्यावर येतं, तो ब्रॅम्प्टनच्या मित्राचा दिला. आम्ही आज परत जाणार, राहायला नंतर येणार, हे सांगताना माझा घसा सुकला होता. काउंटरवरचा अधिकारी म्हणाला, पाच वर्षांत ७३० दिवस इथं राहा म्हणजे झालं.

शेजारी कस्टम्सचा काउंटर. मी यादीच्या दोन प्रती पुढे केल्या. तिथल्या अधिकाऱ्यानं दागिन्यांची ओळ पाहिली, बेरीज पाहिली, पान उलटलं, शिक्का मारला. एक प्रत मला. संपलं. सात नंबरपर्यंत त्याची नजर गेलीच नसावी. मी छातीवरचे तंतू झटकले नव्हते, खरं तर मुद्दामच. "आणखी काही?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, नाही.

परतीच्या पुलावर अमेरिकन अधिकाऱ्यानं विचारलं, कॅनडात किती वेळ होता? तीन तास. त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं.

आई बाकड्यावर झोपलेली, अप्पा कठड्याला टेकून उभे, अंगावर चादर. "दिसलात मला," म्हणाले. "मी हात केला." कधी? "जाताना. करडी गाडी दिसली की करत होतो. सत्तावीस झाल्या."

काही विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, "चादरीचं विचारलं?"

"विचारलं," मी म्हटलं. "वापरलेली आहे का म्हणून."

अप्पांनी आईला हलवून उठवलं आणि तेच तिला सांगितलं.

हे खोटं त्या पोरासमोर उघडं करायची माझी हिंमत झाली नाही. अप्पा त्याला समजावून सांगत होते, नवीन वस्तू असंल तर एक रात्र तरी अंगाखाली घे बाबा, तिथं बारीक बघतात. आम्ही २०२१ मध्ये कॅनडात, मिसिसागाला राहायला गेलो, चादर गेली, कुकर गेले. उखळ आणि हंडा इथंच राहिले. मी कपाटातून शिक्क्याची प्रत काढून त्याला फोटो काढू दिला.

तेवढ्यात बाहेर ओरडा झाला, नळ आले. सोलापुरात पाणी तीन-चार दिवसांनी येतं, तेव्हा कॅनडा वगैरे सगळं थांबतं. आई आतून म्हणाली, मोठं काही द्या रे. अप्पा पेपर टाकून उठले.

"अकरा नंबर घे," मला म्हणाले. "मोरीत हाय."