शेजारच्या काकूंची मनी

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो, आणि शेजारच्या काकूंची मनी दिवसभर आमच्याच गच्चीवर असते. कुंड्यांतली माती उकरून घाण करते, वाळत घातलेल्या सांडग्यांवरनं चालत जाते, आई वैतागलीय पार. पण परवा गल्लीतला एकजण म्हणाला विष घाला की, तेव्हा माझं डोकंच फिरलं. अहो मुक्या जनावराला विष घालणं गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 325, 5 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि कायदा नसता तरी असं बोलवतं कसं?

कुंड्यांत मी नारळाच्या शेंड्या दाबून बसवल्या, त्यानं उकरणं बरंच थांबलं.

खरा विषय वेगळाच होता. मागच्या महिन्यात मनीनं माझ्या पोरीला ओरबाडलं, नळाखाली साबणानं 15 मिनिटं हात धुतला नि तसंच दवाखान्यात पळालो, रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागली, कारण मनीला लस कधी दिलेलीच नव्हती!

मग काकूंकडं जाऊन शांतपणे बोललो. म्हटलं काकू, मांजर 4-5 महिन्यांचं झालं की माजावर येतं, दोन महिन्यांत पिल्लं, ती पिल्लं कुणी सांभाळायची, गाडीखालीच जातात ना शेवटी. काकूंचे डोळे भरले, त्यांना वाटायचं पिल्लं होऊ नयेत म्हणून करायचं ऑपरेशन म्हणजे पाप. शनिवारी आम्ही दोघं मनीला पिशवीत नाही, नीट बास्केटमधनं डॉक्टरांकडं नेणार आहोत, आधी लस, आणि ऑपरेशनची तारीख तेच ठरवतील.