विजेने कोसळलेल्या माणसाला हात लावावा का?

माझ्या नोकरीची 27 वर्षे परभणी आणि हिंगोली जिल्ह्यांतल्या ग्रामीण रुग्णालयांत गेली. निवृत्त झालो, तरी मे महिन्याच्या अखेरीस दुपारचे आभाळ भरून येऊ लागले की कोणी ना कोणी तोच प्रश्न विचारतो, “डॉक्टरसाहेब, इज पडलेल्याला हात लावला तर आपल्यालाबी करंट बसतो का?” गेल्या आठवड्यात बियाण्याच्या दुकानात तुम्हीही तोच विचारलात. गर्दीत मी “नाही बसत, लगेच हात लावा” एवढेच बोलू शकलो. तुम्ही विचारलंत म्हणून आता सविस्तर लिहितो, कारण ही भीती एका वाक्याने जाणारी नाही आणि ती कोठून आली हे मला ठाऊक आहे.

ती आपल्याला विहिरीवरच्या मोटारीने शिकवली आहे. स्टार्टरला चिकटलेल्या माणसाला धरू नये, आधी मेन स्विच बंद करावा, हे आपल्याकडे लहान मुलांनाही माहीत असते आणि ते अगदी बरोबर आहे, कारण तिथे तारेतला प्रवाह चालूच असतो आणि चिकटलेल्या माणसाच्या शरीरातून तो वाहतच राहतो. आकाशातल्या विजेचे तसे नसते. तिचा प्रवाह 30 हजार अँपिअरच्या आसपास, कधी त्याहून कितीतरी मोठा असतो. पण अंगावर येऊन जमिनीत जायला तिला सेकंदाचा अगदी छोटा अंश पुरतो, आणि एकदा ती जमिनीत गेली की मागे काही उरत नाही. माणसाच्या शरीरात वीज साठून राहत नाही. त्यामुळे मोटारीजवळ प्राण वाचवणारा नियम झाडाखाली कोसळलेल्या माणसाचे प्राण घेतो, कारण त्याच्याजवळ जायला कोणी धजत नाही आणि हातात असलेली चार-पाच मिनिटे निघून जातात.

त्या मिनिटांत आत काय घडते, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. वीज शरीरातून जाताना हृदयाच्या सगळ्या स्नायूला एकाच वेळी आवळते आणि हृदय थांबते. मात्र हृदयाला स्वतःच्या ठोक्याची सुरुवात स्वतः करता येते, त्यामुळे अनेकदा ते थोड्या वेळाने आपसूक पुन्हा चालू होते. श्वासाचे तसे नाही. श्वास चालवणारे केंद्र मेंदूच्या तळाशी असते आणि त्याला बसलेला धक्का हृदयापेक्षा जास्त वेळ टिकतो. म्हणजे ठोका परत आलेला असतो, पण छाती हलत नसते. रक्तातला ऑक्सिजन संपत जातो आणि नुकतेच सुरू झालेले हृदय त्या उपासमारीने दुसऱ्यांदा थांबते. हा दुसरा मृत्यू टाळता येण्यासारखा असतो. छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला 100 ते 120 या वेगाने जोरात दाबायचे, दर 30 दाबांनंतर तोंडाने दोन श्वास द्यायचे, दुसऱ्या कोणाला तरी 108 ला फोन करायला सांगायचे, आणि मदत येईपर्यंत किंवा तो माणूस श्वास घेऊ लागेपर्यंत थांबायचे नाही. आभाळ अजून गरजत असेल, तर त्याला आधी झाडापासून दूर न्यावे. वीज त्याच जागी पुन्हा पडू शकते.

एका ऑक्टोबरमध्ये सोयाबीनच्या काढणीवरून तीन बायकांना टेम्पोत घालून आणल्याचा निरोप आला. टेम्पोत दोघीच होत्या. एक रडत होती, दुसरी पाय हलत नाहीत म्हणून किंचाळत होती. तिसरीचे काय, असे विचारल्यावर सोबतच्या माणसाने मान खाली घातली. ती जागीच गेली म्हणून तिच्यावर लुगडे पांघरून ती मंडळी निघाली होती. ज्या दोघी रडत होत्या त्या कोणी काही केले नसते तरी बहुधा वाचल्या असत्या, आणि सगळे हात लागायला हवे होते ते त्या तिसरीला. एरवी अपघातात शांत पडलेल्याच्या आधी तळमळणाऱ्याकडे धाव घेतली जाते. विजेच्या बाबतीत हा क्रम उलटा करायचा असतो, हे वैद्यकशास्त्र सांगते. ते मी पुस्तकात वाचले होते, पण गावागावात जाऊन सांगितले नव्हते. त्या दिवसानंतर सांगू लागलो.

अशा माणसाच्या बुबुळांवर बॅटरी मारून ती हलत नाहीत म्हणून हात झटकू नयेत, हेही लिहून ठेवतो. विजेच्या धक्क्याने डोळ्यांच्या बाहुल्या तात्पुरत्या विस्फारून स्थिर होऊ शकतात. त्यावरून मृत्यू ठरत नाही. पाय हलत नाहीत म्हणणारी ती बाई संध्याकाळपर्यंत उठून बसली. अंग थंडगार, निळसर पडते, नाडी लागत नाही आणि काही तासांनी सगळे परत येते, असा हा पक्षाघात फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी एकोणिसाव्या शतकातच वर्णून ठेवला आहे.

विजेने माणूस कोळसा होतो ही समजूतही बव्हंशी चुकीची आहे. प्रवाहाचा मोठा भाग त्वचेवरूनच सरकून जातो, अंगावरच्या घामाची आणि पावसाच्या पाण्याची क्षणात वाफ होते, त्या वाफेने कपडे फाटतात, चपला दूर फेकल्या जातात. पण मोटारीच्या शॉकमध्ये आतला स्नायू शिजतो तशी खोल भाजणी क्वचितच दिसते. मंगळसूत्राखाली किंवा करदोट्याच्या चांदीखाली मात्र डाग उमटतो. कधी पाठीवर नेच्याच्या पानासारखी लाल नक्षी उमटते. ज्या झाडाखाली वीज पडली त्याचीच फांदी अंगावर छापली गेली, असे नातेवाईक सांगतात. ती नक्षी भाजल्याची नसते आणि दीड-दोन दिवसांत विरून जाते. कानाचे पडदे फाटणे मात्र फार नेहमीचे आहे, आणि डोळ्यांत मोतीबिंदू काही महिन्यांनीही येऊ शकतो, म्हणून वाचलेल्या माणसाचे कान आणि डोळे तपासून घ्यायलाच हवेत.

थेट डोक्यावर वीज पडणारे थोडेच. बहुतेकांना ती झाडावरून उडी घेऊन किंवा जमिनीतून येते. झाडावर पडलेली वीज मुळापासून चहूकडे पसरते आणि दोन पायांमधल्या अंतरामुळे एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते. माणसाचे पाय जवळ असतात आणि हृदय त्या वाटेच्या वर राहते. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय लांब असतात आणि मधोमध त्याचे हृदय असते. म्हणून एकाच लिंबाखाली जोडी मरते आणि धनी वाचतो. “बैलांनी धन्याचं मरण अंगावर घेतलं” असे शेतातल्या आखाड्यावर म्हणतात, आणि ते ऐकताना मला कधीही दुरुस्ती करावीशी वाटली नाही. उघड्या रानात अडकल्यास आडवे पडू नये, पाय जुळवून उकिडवे बसावे, हे सांगतात ते याच कारणाने. पण ते अगदी नाइलाजाचे आहे. पक्के घर किंवा बंद गाडी जवळ असेल, तर पहिल्या गडगडाटालाच तिकडे निघावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

पायाळू माणसावर वीज पडते या समजुतीविषयी मात्र मला स्पष्ट बोलायचे आहे. उसण भरली की ज्याचा पाय पाठीला लावून घ्यायचा, त्यालाच आभाळ आले की घरात कोंडायचे. जन्माच्या वेळी पाय आधी आले याचा विजेशी काही संबंध नाही. त्या एकाला कोंडून बाकीचे स्वतःला सुरक्षित समजतात आणि झाडाखाली जाऊन उभे राहतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत 2022 या एका वर्षात देशात विजेने 2,887 माणसे गेल्याची नोंद आहे. इतके सगळे काही पायाळू नव्हते.

वाचलेल्यांपैकी एका बाईंची आठवण सांगतो. बांधावर त्या कोसळल्या, तेव्हा होमगार्डमध्ये असलेल्या पुतण्याने “काकू गेली” असे ओरडणाऱ्यांना बाजूला सारून छाती दाबायला सुरुवात केली आणि श्वास दिला. दवाखान्यात आल्या तेव्हा त्या स्वतः श्वास घेत होत्या. दोन वर्षांनी नवरा त्यांना घेऊन माझ्याकडे आला. पूर्वी वीस मजुरांचा हिशोब त्या तोंडी ठेवत. आता चुलीवर काय ठेवले आहे हे विसरतात, रात्री झोप नाही, एकसारखे डोके दुखते, आभाळ गरजले की कोपऱ्यात बसतात. घरचे कोणी नाटक म्हणत होते, कोणी बाधा. वरून जखम दिसत नसली तरी मेंदू आणि नसा दुखावलेल्या असतात आणि हा त्रास वर्षानुवर्षे राहू शकतो, असे मी त्या नवऱ्याला समजावून सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. मग बायकोकडे वळून म्हणाला, “मंजी तू खरंच सांगत होतीस.”