चिठ्ठीवरचा पत्ता

व्यसनमुक्ती विभागात वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करताना मला सर्वांत जास्त खटकते ती घरी सोडण्याच्या कागदावरची शेवटची ओळ: ‘एए मीटिंगला जाण्याचा सल्ला दिला.’ एए म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट. ही ओळ लिहिली की आमच्या दप्तरी काम संपते. तो माणूस मीटिंगला पोहोचला की नाही, हे लिहायला कागदावर रकानाच नाही.

ज्या रुग्णाबद्दल मी लिहिते आहे ते गृहस्थ पन्नाशीतले, हिशेबाच्या कामात आयुष्य गेलेले. त्यांनी घरच्या घरी, एका झटक्यात दारू बंद केली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना आकडी आली. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने वैद्यकीय देखरेखीशिवाय असे अचानक थांबणे जिवावर बेतू शकते, हे अजूनही बहुतेक कुटुंबांना ठाऊक नसते. शेवटच्या पेल्यानंतर काही तासांतच हातांना कंप सुटतो, आकडीचा धोका साधारण 6 ते 48 तासांत असतो, आणि भ्रम, भास, ताप यांचे गंभीर रूप बहुधा त्यानंतर, तिसऱ्या दिवसाच्या आसपास दिसते. विभागात लोरॅझेपाम (आकडी व कंप आवरणारे औषध) आणि थायमिन (ब-1 जीवनसत्त्व) यांची इंजेक्शने सुरू झाली व आठवडाभरात त्यांचे शरीर सावरले. ते स्वतः मात्र गप्पच होते. माझ्या मुलाखतीच्या फॉर्मवरील प्रत्येक प्रश्नाला एका शब्दात उत्तर मिळाले. ‘झोप’ या प्रश्नापुढे मी ‘ठीक’ असे लिहिले.

मीटिंगचा विषय काढल्यावर मात्र त्यांनी शंका विचारल्या. नाव लिहून घेतात का, फी किती, सर्वांसमोर बोलावेच लागते का, आणि देव न मानणाऱ्याचे तिथे काय काम? अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमध्ये सदस्य होण्यासाठी पिणे थांबवण्याची इच्छा एवढीच अट आहे, वर्गणी नाही, बोलायचे नसेल तर नुसते ऐकत बसता येते, आणि एएच्या व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्यांमधला ईश्वर ज्याने त्याने आपापल्या समजुतीप्रमाणे मानायचा आहे, हे मी सांगितले. त्यांनी मान हलवली. पटल्याचे काही दिसले नाही.

आमच्या टेबलाच्या खणातली मीटिंगची यादी मी कधीच जशीच्या तशी देत नाही. जागा बदलतात, वेळा बदलतात, आणि मोठ्या कष्टाने घराबाहेर पडलेला माणूस कुलूप लावलेल्या दारासमोर उभा राहिला, तर तो पुन्हा निघेल याची खात्री कोणी द्यावी? म्हणून प्रत्येक क्रमांकावर फोन करून मीटिंग चालू आहे का, ती ओपन आहे की क्लोज्ड, हे मी विचारून घेते. ओपन मीटिंगला नातेवाईक किंवा माझ्यासारखे कोणीही बसू शकते. क्लोज्ड मीटिंग फक्त पिण्याचा प्रश्न असलेल्यांसाठी असते. सहकाऱ्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. त्यांना मी 1981 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासाचा दाखला देते. त्यात दहा जणांना मीटिंगची केवळ माहिती व सल्ला दिला गेला. दुसऱ्या दहा जणांच्या समोर समुपदेशकाने एए सदस्याला फोन लावून दिला आणि सोबत नेण्याची व्यवस्था केली. दुसऱ्या गटातले दहाही जण मीटिंगला गेले, पहिल्यातला एकही गेला नाही. वीस माणसांचा अभ्यास लहानच, पण माझा रोजचा अनुभव त्याच बाजूचा आहे.

त्या दिवशीही मी त्यांच्यासमोरच एका जुन्या सदस्यांना फोन लावला आणि तो स्पीकरवर ठेवला. त्या सदस्यांनी दारूचा विषयच काढला नाही. “रात्री झोप लागते का हो?” एवढेच विचारले. आणि आठवडाभर एका शब्दापलीकडे न गेलेला हा माणूस बोलू लागला: पहाटे तीनला येणारी जाग, छातीतली धडधड, बायकोला कळू नये म्हणून डोळे मिटून पडून राहणे. पलीकडून मधूनमधून “हो, माझंही असंच होतं,” एवढेच येत होते. फोन संपला तेव्हा मीटिंगला सोबत जाण्याची वेळ त्या दोघांनी आपसांतच ठरवलेली होती.

तोच प्रश्न माझ्या फॉर्मवर होता. 1935 साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन हे डॉ. बॉब स्मिथ यांना भेटले (दोघेही दारूच्या व्यसनाशी झगडणारे, पुढे एएचे संस्थापक), तेव्हा स्मिथ हे स्वतः शल्यचिकित्सक होते. दारूच्या परिणामांचे ज्ञान त्यांना पाहुण्याकडून मिळायचे नव्हते. पंधरा मिनिटे थांबायचे ठरवून आलेले स्मिथ कित्येक तास बोलत बसले. ही हकीकत मी प्रशिक्षणात वाचली होती, पण माझे शिक्षण जिथे थांबते तिथून पुढे काय होते, हे त्या फोनवर मी प्रथमच स्पष्ट ऐकले.

ती मीटिंग क्लोज्ड होती, त्यामुळे मी गेले नाही. ते पोहोचले, एवढे त्यांनी स्वतः कळवले. पुढे ते बाह्यरुग्ण तपासणीला आले नाहीत. डॉक्टरांनी नाल्ट्रेक्सोन हे दारूची ओढ कमी करणारे औषध सुरू केले होते आणि यकृताची तपासणी व्हायची होती, म्हणून मी त्या सदस्यांना फोन करून ते मीटिंगला येतात का, असे विचारले. “कोण येतं, कोण येत नाही, हे आम्ही बाहेर सांगत नाही, मॅडम. तुमचा निरोप कानावर घालायची वेळ आली तर घालीन,” ते म्हणाले. अनामिकता पाळली नाही तर त्या खोलीत कोणी तोंड उघडणार नाही, हे मला मान्य आहे. तरीही औषध चालू असलेल्या रुग्णाबाबत मी इतके अंधारात राहावे, हे मला अजून पटवून घेता आलेले नाही. त्यांच्या पत्नीला मी कुटुंबीयांसाठीच्या अल-अ‍ॅनॉन गटाची वेळ खात्री करून दिली आहे आणि राहिलेल्या रक्ततपासणीचा कागद त्यांच्याच हाती सोपवला आहे.