शुलनबर्ग ते प्राहा: टेक्ससमधल्या चेक धर्मग्रामाची पायी वारी

टेक्ससच्या फेयेट काउंटीत प्राहा नावाचं गाव आहे. गाव म्हणायचं ते जुन्या सवयीनं. वस्ती शंभराच्या आत, बाजारपेठ कधीचीच उठून गेलेली, आणि उंचवट्यावर 1895 सालचं दगडी चर्च. वार कुठलाही असो, दरवर्षी 15 ऑगस्टला, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, तिथे 'प्राझ्स्का पोउत', म्हणजे प्राहाची यात्रा, भरते आणि त्या एका दिवसात हजारो माणसं येऊन जातात. जवळजवळ सगळी गाडीनं. दिंडी, पताका, मुक्कामाची गावं असलं तिथे काही नाही. आम्ही ह्यूस्टनकडची काही मराठी माणसं, निम्मी वसईची, शुलनबर्गहून चालत जातो. या धर्मग्रामाचं, म्हणजे एका चर्चभोवतीच्या कॅथलिक वस्तीचं, जे काही बरंवाईट झालं ते शुलनबर्गवरून जाणाऱ्या आगगाडीमुळे झालं, आणि ही वाट बराच वेळ त्याच रुळांच्या सोबतीनं जाते.

अंतर 16-17 किलोमीटर. यूएस 90 हा जुना हमरस्ता धरून पश्चिमेला चालायचं, एंगलची छोटी वस्ती मागे टाकायची आणि एफएम 1295 या ग्रामीण रस्त्याचा फाटा आला की डावीकडे वळून दीडेक किलोमीटर. मोठी वाहतूक शेजारच्या आय-10 महामार्गावर गेल्यामुळे 90 वर गर्दी नसते, पण ज्या गाड्या असतात त्या ताशी शंभर किलोमीटरनं येतात. पदपथ नसेल तिथे डाव्या कडेनं, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालायचं, असा टेक्ससचा कायदाच आहे. यात एक गोम आहे. आपण पश्चिमेला जात असतो, म्हणजे आपल्या बाजूनं येणारा चालक पूर्वेला तोंड करून येतो. ऑगस्टच्या मध्यात सूर्य सात वाजायच्या थोडा आधी उगवतो, आणि पुढचा तासभर त्या चालकाच्या डोळ्यांत थेट ऊन असतं. त्याला आपण दिसत नाही. चमकणारी पट्टी लावलेलं जाकीट अंधारात उपयोगी पडतं. उन्हात त्याचा काही फायदा नाही. तेवढा तासभर डांबर सोडून गवतातून चालायचं, रांग एकेरी, आणि सर्वांत पुढे असा माणूस ठेवायचा जो गप्पा मारत नाही.

गवतात दुसरी अडचण. तांबड्या फायर अँट मुंग्यांची वारुळं सपाट असतात, पाऊस पडून गेला की तेवढी वर दिसतात. वारुळावर पाय पडला तर मुंग्या आधी चुपचाप मोज्यापर्यंत चढतात आणि मग सगळ्या एकदम डसतात. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पुळ्या. त्यामुळे विसाव्याला गवतावर बसायचं नाही. बसायचं ते शेताच्या फाटकापाशी, खडी टाकलेल्या जागेत, पण फाटकाच्या अलीकडेच. तिथल्या खांबावर जांभळा पट्टा रंगवलेला असेल तर टेक्ससमध्ये त्याचा अर्थ 'आत येऊ नये' असाच होतो, पाटी असो वा नसो.

पाणी माणशी तीन लिटर, एका बाटलीत मीठ-साखर घालून. वाटेत दुकान मिळेल असं धरून चालू नये, सावलीही फारशी नाही. पहाटे पाचला निघावं. मुख्य मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, साधारण दहाला असते. त्या वर्षीची वेळ आधी पाहून ठेवावी, कारण पाचऐवजी सहाला निघालं की शेवटचा टप्पा ऐन उन्हात येतो, पावलं मंदावतात आणि सुरुवातीच्या प्रवेश-स्तोत्राऐवजी शेवटाकडच्या कम्युनियनला, प्रसादाच्या वेळी, पोचायला होतं. ऊन पाठीवर येत असल्यानं चेहरा वाचतो, मान भाजते. टोपीपेक्षा उपरणं बरं.

रस्त्याला समांतर रूळ दिसत राहतात आणि मधूनमधून मैलभर लांबीची मालगाडी धडधडत जाते. गॅल्व्हेस्टन, हॅरिसबर्ग अँड सॅन अँटोनियो रेल्वेनं 1873-74 च्या सुमाराला ही लाइन टाकली. तोवर प्राहा हे या भागातलं चेक लोकांचं मुख्य ठिकाण होतं. लाइन उत्तरेकडून निघून गेली, फ्लॅटोनिया आणि शुलनबर्गला स्टेशनं झाली. इथलं मुख्य पीक कापूस. सरकी काढून बांधलेली गाठ पाचशे पौंडांच्या आसपास. ती चिखलातून बैलगाडीनं न्यायची तर जवळच्या स्टेशनातच विकावी. काळी माती पावसात अशी होते की चाकांचे आरे बुजून जातात. व्यापारी मालाच्या मागे गेला, व्यापाऱ्यामागे लोहार, मग पोस्ट. हाय हिल नावाच्या शेजारच्या गावाचंही तेच झालं. शेतकरी मात्र हलले नाहीत, कारण जमीन हलत नाही. आणि गंमत अशी की आज उभं असलेलं मोठं दगडी चर्च रेल्वे चुकल्यावर वीस वर्षांनी बांधलेलं आहे. गाव ओसरत असताना लोकांनी सर्वांत मोठा खर्च केला. माझ्या मते या धर्मग्रामाबद्दल सांगण्यासारखी पहिली गोष्ट ती आहे, चर्चच्या छतावरची चित्रं नंतर.

हे लोक इथे आले कसे? बोहेमिया-मोराव्हियात, म्हणजे आजच्या चेक देशात, 1848 साली वेठबिगार संपली, पण कुळाच्या हाती आलेला तुकडा वाटण्या होऊन घर चालण्याइतका उरेना. योसेफ अर्नोश्ट बर्गमन नावाचे एक प्रोटेस्टंट पाळक 1850 साली टेक्ससमध्ये कॅट स्प्रिंगला स्थायिक झाले आणि त्यांची पत्रं मायदेशी छापून आली: जमीन स्वस्त आहे, या. कॅथलिक वस्त्यांच्या इतिहासात पहिलं नाव एका प्रोटेस्टंट पाळकाचं यावं हे पुष्कळांना ठाऊक नसतं. 1851 साली निघालेल्या पहिल्या तुकडीतली निम्म्याच्या आसपास माणसं प्रवासातच गेली. 1856 साली मोराव्हियातून आलेल्या काही कॅथलिक कुटुंबांनी शुलनबर्गच्या ईशान्येला दुबिना वसवलं. प्राहात पहिला चेक माणूस, मातियास नोवाक, त्याच सुमाराचा. वस्तीला आधी मलबेरी म्हणत, प्राहा हे नाव 1858 चं.

धर्मगुरू मात्र नव्हते. 1847 पासून अख्खं टेक्सस एकाच गॅल्व्हेस्टन धर्मप्रांतात, म्हणजे एकाच बिशपच्या हाताखाली, होतं. पुरोहित बहुतेक फ्रेंच नाहीतर जर्मन, घोड्यावरून फिरणारे. एकदा येऊन गेले की पुन्हा कधी येतील सांगता येत नसे. मिस्सा कुणाच्यातरी घरात व्हायची. खरी अडचण पापनिवेदनाची: ज्या भाषेत पाप सांगायचं ती ऐकणाऱ्याला येत नाही. योसेफ क्रोमचिक हे चेक भाषक धर्मगुरू मोराव्हियाहून फेयेटव्हिल इथे आले ते 1872 साली, आणि आजूबाजूच्या वस्त्याही त्यांनीच सांभाळल्या. मधल्या वर्षांत रोझरी (जपमाळेची प्रार्थना), दफन, सण सगळं लोकांनीच निभावलं. या धर्मग्रामांत आजही सगळी व्यवस्था प्रापंचिकांच्या, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या साध्या भाविकांच्या, हातात दिसते, त्याचं मूळ मला तिथे वाटतं. 1889 साली स्थापन झालेली टेक्ससची चेक कॅथलिक संघटना, केजेटी, हीसुद्धा मुळात आपसात विमा काढण्यासाठीच: घरधनी गेला तर विधवेला पैसे मिळावेत. 1894 साली बायकांनी आपली स्वतंत्र संघटना काढली. 1874 साली सॅन अँटोनियो आणि 1982 साली व्हिक्टोरिया असे नवे धर्मप्रांत झाले. प्राहा आता व्हिक्टोरियात येतं.

फाट्यावरून वळलं की मनोरा दिसू लागतो. आत शिरण्याआधी बूट झटका आणि पाचेक मिनिटं दारात थांबा, कारण उन्हातून आल्यावर डोळ्यांना आतलं काही दिसत नाही आणि लोक छत न पाहताच बाकावर जाऊन बसतात. बाहेरून दगड, आतून लाकूड. गॉथिक घडणीची दगडी कमान पेलायची तर भिंती जाड हव्यात आणि बाहेरून टेकू हवेत. दोन्हींना पैसा लागतो. इथे लाकडी फासळ्यांवर खाचेत खाच बसवलेल्या अरुंद फळ्या ठोकून कमान केली आणि उरलेलं काम रंगानं केलं. रंगकाम गॉटफ्रिड फ्लुरी या स्वित्झर्लंडहून आलेल्या चित्रकाराचं: निळसर-हिरव्या पार्श्वभूमीवर वेली, फुलं, देवदूत. मध्यभागातून वर पाहिलं तर फळ्यांचे सांधे दिसत नाहीत; बाजूच्या खिडकीतून ऊन तिरपं आलं की रेघ न् रेघ दिसते. अशा छताचा वैरी पाऊस. छपराला गळती झाली की पाणी फळीच्या मागून येतं, लाकूड फुगतं, सांध्याशी रंगाचा पापुद्रा सुटतो, आणि खालून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून अशा चर्चमध्ये दानपेटीतला पैसा चित्रांपेक्षा छपरावर जास्त जातो. दुबिनात वेगळंच झालं: तिथली नक्षी 1952 साली पांढऱ्या रंगाखाली गेली आणि 1983 च्या सुमाराला पुन्हा उजेडात आली.

मिस्सेनंतर लोक जेवणाच्या रांगेकडे धावतात. तेव्हा दफनभूमीत जावं, कोणी नसतं. जुन्या दगडांवर चेक मजकूर, चिनी मातीच्या अंडाकृती चकतीवर माणसाचा फोटो. मधल्या पिढीत आडनाव चेक आणि महिना इंग्रजी. पुढे सगळंच इंग्रजी. दुसऱ्या महायुद्धात या एवढ्याशा धर्मग्रामाचे 9 तरुण फेब्रुवारी 1944 ते फेब्रुवारी 1945 या साधारण वर्षभरात मारले गेले, कोणी नॉर्मंडीत, कोणी इटलीत, कोणी फिलिपिन्सकडे. त्यांच्यासाठी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी वेगळी प्रार्थना होते. ज्यांना गर्दी आणि ऊन नको त्यांनी तेव्हा चालावं. हवा चांगली असते आणि वाट तीच.

जेवणात तळलेली कोंबडी, सॉसेज, मोठ्या कढयांत शिजवलेला स्ट्यू, आंबवलेला कोबी. चालून आल्यावर कोबीचं आंबट पाणी मागून प्यावं, गेलेलं मीठ भरून निघतं. 'कोलाची' हे गोड सारणाचे चेक पाव, ती मात्र आधी घ्या. खसखस आणि जर्दाळूची लवकर संपतात, उरतात ती सुक्या प्लमची, आणि तीही वाईट नसतात. नंतर पोल्का नाच सुरू होतो. पाय दुखत असतील तरी म्हातारी माणसं हात धरून ओढतात, नाही म्हणता येत नाही.

परत चालत जायचा विचार करू नये. दुपारी पारा 37-38 अंशांवर असतो आणि पोटात स्ट्यू. सार्वजनिक बस नाही, फोनवरून मागवायची टॅक्सी इथे मिळेलच असं नाही. एक गाडी आदल्या संध्याकाळीच प्राहात आणून ठेवा, नाहीतर तीनेक मैलांवरच्या फ्लॅटोनियापर्यंत सोडणारा कोणीतरी मांडवातच गाठा. आडनाव विचारलं, आजोबा कुठून आले ते विचारलं, की लिफ्ट मिळतेच. फक्त निघायला तास जातो.