तुम्ही विचारलंत म्हणून: पाखरं, जाळी आणि आमचा देव

आमची द्राक्षबाग तासगाव तालुक्यात आणि आम्ही ख्रिस्ती, त्यामुळं एक प्रश्न दर हंगामात ठरलेला. फेब्रुवारीत घडात साखर भरली की बुलबुल, साळुंक्या उतरतात, मी जाळी ओढायला लागलो की शेजारचे अण्णा बांधावरनं ओरडणार, "काय हो, तुमचा देव पाखरांना खायला घालतो म्हणता, मग जाळी कशाला? खाऊ द्या की!" सगळे हसतात, मी पण हसतो. पण परवा एका पावण्यानं अगदी सिरियसली विचारलं, म्हणून लिहितोय.

ते वचन बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात आहे. येशू म्हणतो, पाखरांकडं बघा, ती पेरत नाहीत, कापत नाहीत, कोठारात साठवत नाहीत, तरी तुमचा स्वर्गातला बाप त्यांना खायला देतो. आता बागायतदाराएवढं पाखरांकडं कोण बघणार, आणि रिकामं बसलेलं पाखरू काय मला अजून दिसलं नाही, उजाडायच्या आत त्यांची ड्युटी सुरू. त्यांना फक्त पुढच्या वर्षीच्या दराचं टेन्शन नसतं, ते मला असतं, तेवढ्यापुरतंच ते वचन माझ्यावर रोखलेलंय असं मी धरतो.

मग लगेच दुसरा प्रश्न येतो, २०१९ ला कुठं होता तुमचा देव? ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५, आणि त्यातनं सावरतोय तोवर परतीच्या पावसानं छाटलेल्या बागांवर दावण्या, म्हणजे द्राक्षाचा बुरशीचा रोग, आणला. याला माझ्याकडं रेडिमेड उत्तर नाही. बायबलात चिमण्यांचं वचन आहे तेही, चिमणी पडणारच नाही असं म्हणत नाही, पित्याला सोडून पडत नाही एवढंच म्हणतं. लूकच्या शुभवर्तमानात तर हिशोब आहे, दोन दमड्यांना पाच चिमण्या, मत्तयमध्ये एका दमडीला दोन, म्हणजे पाचवी वर फुकट टाकलेली (आपल्या बाजारात टाकतात तशी), आणि देव तिलाही विसरत नाही. मला ती पाचवी चिमणी फार जवळची वाटते.

माझी आत्या त्या पुरात चार दिवस वरच्या मजल्यावर अडकली होती. बोटीतनं भाकरीचं गाठोडं आलं, कुठल्या तरी गावानं थापून पाठवलेलं, वर मिरचीचा ठेचा, कुणाच्या चुलीवरची ते आजवर कळलं नाही. आमच्या प्रभूच्या प्रार्थनेत "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" असं आहे, आत्या ते लहानपणापासनं म्हणत आलीय, पण तिथं पोचली की आता जरा थांबते.

आणि जाळीचं म्हणाल तर बायबलच्या लेवीय पुस्तकात द्राक्षमळ्याचाच नियम आहे, सगळा मळा झाडून वेचू नका, खाली पडलेलं गोळा करू नका, गरिबांना आणि परक्यांना राहू द्या. म्हणजे देव पुरवतो ते बऱ्याचदा दुसऱ्याच्या बागेतनं. माझी शेवटची ओळ दोन वर्षं उघडी राहिली, लोकांना वाटतं भक्तीपोटी, खरं तर जाळी कमी पडली होती. बुलबुलांनी काय विचारलं नाही.

यंदा जाळी पुरेल एवढी आणलीय. त्या ओळीवर टाकायची का नाही ते अजून ठरलं नाही, बायको म्हणते टाका, अण्णा म्हणतात टाकू नका.